नाव बदलले आहे

९ जून २०२४

निवृत्त होऊन वर्ष झालं. चौतीस वर्षं हायस्कूलमध्ये नागरिकशास्त्र शिकवलं आणि गेलं वर्षभर घरात बसून आमच्या ह्यांना, भीमसेनरावांना शिकवतेय. ते काही शिकत नाहीत. आज मात्र फोन आला. इथे बंगळुरात, जे. पी. नगरला शाळांसाठी काम करणारी एक संस्था आहे, तिथली क्षमा बोलत होती. मुलगी पुण्याची, राहते मारतहळ्ळीला, तिशीची असावी. "मॅडम, हायस्कूल टीचर्सना सिव्हिक्स आणि लॉ कसं शिकवायचं याचं ट्रेनिंग करायचंय. सगळ्यांनी तुमचंच नाव सजेस्ट केलं." सगळ्यांनी म्हणजे कोणी, हे मी विचारलं नाही. गोड लागलं ते लागलं.

चोवीस शिक्षक, दहा शाळा, एक शनिवार सोडून एक, दुपारी. मी हो म्हटलं आणि मग ह्यांना विचारलं. "विचारतेस की सांगतेस?" सांगतेय, म्हटलं.

१५ जून

पहिला वर्ग. मूलभूत हक्क कोणते, विचारलं तर सगळ्यांनी घडाघडा म्हणून दाखवले. मग विचारलं, गेल्या आठवड्यात तुमच्या वर्गातल्या कोणत्या मुलाचा कोणता हक्क मोडला? सगळे पुस्तकं चाळायला लागले. नरसिंहराव म्हणून राजाजीनगरचे एक जुने शिक्षक आहेत, ते म्हणाले, "मेडम, हे पोर्शनमध्ये नाही." सगळे हसले, मीही हसले. मागच्या बाकावरच्या शिवलीलाने तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. ही चामराजपेटच्या कानडी शाळेतली, पस्तिशीची, समाजशास्त्र शिकवते.

परत येताना बसमध्ये कल्पना सुचली. प्रत्येक शिक्षकाने आपल्या वर्गातला एक खरा प्रसंग एका पानावर लिहायचा. मुलाचं नाव बदलायचं. मग ती चोवीस पानं दहाही शाळांत शिकवायची. पुस्तकातला राम आणि पुस्तकातली सीता यांचे हक्क कोणाला हवेत? घरी येईपर्यंत नावही सुचलं, घडलेलं पान. ह्यांना सांगितलं. म्हणाले, छान आहे, जेवायला वाढ.

२९ जून

आज मुलांविषयीचे कायदे. अन्याय झालेल्या मुलाचं नाव, शाळा, फोटो, किंवा ज्यावरून ते मूल ओळखू येईल असं काहीही छापता येत नाही, हे समजावलं. एक जुनं कात्रण नेलं होतं. त्यात मुलीचं नाव नव्हतं, पण बापाचं दुकान, गल्ली, बसथांबा, सगळं होतं. "आता हिला कोण ओळखणार नाही?" मी विचारलं. "पेपरवाल्यांना एवढी साधी गोष्ट कळत नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. आज मी रंगात होते, मलाच जाणवत होतं.

१३ जुलै

पानं आली. बरीचशी भाषणं आहेत. नरसिंहरावांनी हेल्मेटवर लिहिलंय. शिवलीलाचं पान सहा ओळींचं. दहावीतली एक मुलगी, घरच्यांनी लग्न ठरवलंय, मुलीला शिकायचंय, तिने शिक्षिकेला विश्वासात घेऊन सांगितलं, वगैरे. पिठलं केलं आणि मीठच घातलं नाही.

वर्ग सुटल्यावर तिला थांबवून घेतलं. व्हरांड्यात कॉफी पिता पिता ती हळूहळू बोलायला लागली. मुलीचं नाव रम्या. सोळा पूर्ण आहे. घर मराठी, आपल्यातलंच. बाप लग्नाच्या बँडवाल्यांचे पोशाख शिवतो. मुलगी आठशे मीटर धावते, आणि अशी धावते की क्रीडाशिक्षक घड्याळ दोनदा बघतात. तिच्या आईचा धाकटा भाऊ एकोणतीस वर्षांचा आहे, मागडीच्या पुढे कुठेतरी त्याची पिठाची गिरणी आहे. त्याच्याशी ठरलंय. तारीख नाही, दहावीनंतर बघू म्हणतात. नोव्हेंबरमध्ये राज्यस्पर्धा आहे. त्यात पहिल्या तिनात आली तर क्रीडा वसतिगृहात जागा नक्की. एकदा ती तिथे गेली की मग अधिकाऱ्यांना घेऊन घरी जायचं आणि आईबापांना समजवायचं, असं दोघींनी मिळून ठरवलंय. त्याआधी कळलं तर धावणंच बंद करतील. "तिने मला शपथ घातलीय मेडम. नोव्हेंबरपर्यंत कोणालाही सांगायचं नाही."

मी तिचं पान पुन्हा काढलं. "मग हे सगळं पानावर का नाही?"

"ओळखतील ना, मेडम."

"अगं, नाव बदलतोय ना आपण! आणि तुझ्या शाळेत हे पान नको शिकवूस, बाकीच्या नऊ शाळांत शिकवू." तिने मान हलवली, पण कप हातात तसाच राहिला. मी तिच्या पानावर लाल शाईने लिहिलं, 'कोरडं आहे. मूल डोळ्यांसमोर उभं राहिलं पाहिजे. तपशील घाला.' बिचारी भिडस्त आहे. तिला थोडं ढकलायला हवं.

२७ जुलै

शिवलीलाचं पान! लागोपाठ दोनदा वाचलं. कानडीत आहे, आठवणीसाठी इथे मराठीत उतरवते:

'कविता (नाव बदलले आहे) दहावीत शिकते. घरी मराठी बोलतात, शाळा कानडी. बाबा बँडवाल्यांचे लाल कोट शिवतात. लग्नसराईत घरभर सोनेरी जरीचे तुकडे पडलेले असतात आणि कविता ते केसांत घेऊनच शाळेत येते. ती आठशे मीटर धावते. तिचं लग्न आईच्या धाकट्या भावाशी ठरलं आहे. त्याची पिठाची गिरणी आहे. कविता म्हणते, मामा वाईट नाही, पण तो मामा आहे. धावण्याचे बूट ती शिक्षिकेच्या कपाटात ठेवते.'

शेवट मात्र अर्धवट होता. पुढे काय होणार हे मुलांना कळलं नाही तर त्यांना कायद्याची वाट कशी दिसणार? म्हणून मी दोन वाक्यं घालायला लावली. कविता नोव्हेंबरची स्पर्धा जिंकून वसतिगृहात जाणार आहे. मग तिची शिक्षिका अधिकाऱ्यांना घेऊन तिच्या घरी जाणार आहे. शिवलीला म्हणाली, "बेडा मेडम, एवढं नको." मी म्हटलं, मुलांना आशा दिसली पाहिजे. मग तिने घातली.

घरी ह्यांना वाचून दाखवलं. नेहमी मध्येच वर्तमानपत्र उघडतात, आज शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "तू मायक्रोस्कोपसाठी रडली होतीस."

कधी, म्हटलं.

"लग्नाच्या आदल्या दिवशी. कॉलेजात मायक्रोस्कोप आहे आणि मला तो बघायचाय म्हणून."

मला काही आठवत नाही. मी सतराची होते, ते सत्तावीसचे, माझ्या आईचे धाकटे भाऊ. आमच्यात तेव्हा तशीच रीत होती, कोणी विचारायचंही नाही आणि सांगायचंही नाही. अजूनही घाईत तोंडातून 'मामा' निघतं आणि शेजारची कानडी मंडळी हसतात. लग्नानंतर ह्यांनीच मला बी. ए. केलं, बी. एड. केलं, माझ्या परीक्षेच्या दिवसांत स्वतः भात लावला. मी नशीबवान. ह्यांना काहीतरी भलतंच आठवतं.

२१ सप्टेंबर

पानं सगळ्या शाळांत गेली. दहा दिवसांत नुसता धुमाकूळ. क्षमा म्हणाली, "मॅडम, फीडबॅक अमेझिंग आहे." सगळ्यात जास्त मागणी शिवलीलाच्या पानाला. हेल्मेटवाले नरसिंहराव आज उभे राहून म्हणाले, बत्तीस वर्षांत माझ्या वर्गात एवढे हात कधी वर आले नव्हते. मुली पान घरी घेऊन गेल्या. एक मुलगी तर उभी राहून विचारायला लागली, "सर, ही चामराजपेटची गोष्ट आहे का?" ते म्हणाले, कुठलीही असू शकते, खाली बस.

टाळ्या झाल्या. मी सगळ्यांना सांगितलं, मुलांना गोष्ट आपल्या ओळखीची वाटणं, हेच आपलं यश. शिवलीला टाळ्या वाजवत नव्हती. कौतुकाने अवघडते ती.

१ ऑक्टोबर

शिवलीलाचा फोन. रम्या तीन दिवस शाळेत आली नाही. परवापासून दसऱ्याची सुट्टी, मुलं आधीच कलटी मारतात, मी म्हटलं. "ती सराव चुकवत नाही, मेडम." ताप असेल, स्वल्प धीर धर, म्हटलं.

५ ऑक्टोबर

शिवलीला त्यांच्या घरी जाऊन आली. कुलूप. शेजारीण म्हणाली, दसऱ्याला गावी गेलेत. कुठल्या गावी, तिला माहीत नाही. ऐन सुट्टीत लोक गावी जातातच. पण मशीनवरचा लाल कोट एका बाहीचा तसाच सोडून गेलेत, असं ती दोनदा म्हणाली. तिने आजच बालकांच्या मदतक्रमांकावर कळवलं. मी तिला घाई करतेस म्हणणार होते. म्हटलं नाही, एवढंच.

१२ ऑक्टोबर, दसरा

आपट्याची पानं देऊन झाली. श्रीखंड आंबट. आज मुहूर्त बघावा लागत नाही, आख्खा दिवस शुभ. रस्त्यात दोन वराती दिसल्या आणि दोन्ही वेळा मी नवरीचं तोंड बघायला थांबले.

१४ ऑक्टोबर

झालं. दसऱ्यालाच झालं.

शिवलीला दुपारी घरी आली आणि चपला न काढता दारातच उभी राहिली. मदतक्रमांकावरची माणसं मागडीच्या पुढे तीन गावांत गिरणी शोधत फिरली होती. मामाचं घर सापडलं तेव्हा घरात म्हातारी एकटीच होती. लग्न तिसरीकडेच, कुठल्याशा देवळात लागलं. शेजारणीने आज सगळं सांगितलं. नरसिंहरावांच्या वर्गात सुप्रीता म्हणून मुलगी आहे. ती रम्याची आतेबहीण. तिने पान घरी नेलं, आईला वाचून दाखवलं. लाल कोट, गिरणी, जरीचे तुकडे, कोणालाही कळलं असतं. आणि वसतिगृह. आणि अधिकारी. सुप्रीताची आई ते पान घेऊन त्याच संध्याकाळी रिक्षाने भावाकडे, म्हणजे रम्याच्या बापाकडे गेली.

"लग्न दहावीनंतर होतं, मेडम," शिवलीला म्हणाली. "आपल्याकडे वेळ होता."

मी तिला बस म्हटलं. ती बसली नाही.

१५ ऑक्टोबर

नरसिंहरावांची चूक आहे. पोरीने चामराजपेट म्हटलं तेव्हाच त्यांनी सावध व्हायला हवं होतं. पान घरी का नेऊ दिलं? शिवलीलाचीही आहे. एवढं बारीक लिहायचं असतं का? ओळखतील असं तिला वाटत होतं तर ठाम नको म्हणायचं. क्षमाला फोन केला. ती म्हणाली, "ओह गॉड. पण मॅडम, टेक्निकली नाव चेंज केलं होतं ना?" हो, म्हटलं, केलं होतं.

१६ ऑक्टोबर

सगळ्या पानांचे कच्चे खर्डे माझ्याकडेच आहेत. शिवलीलाचा काढला. सहा ओळी. त्यांत बँड नाही, गिरणी नाही, मराठी नाही, नोव्हेंबर नाही. ते पान जगातल्या कुठल्याही आतेबहिणीने वाचलं असतं तरी काही बिघडलं नसतं. खाली माझं लाल अक्षर. तपशील घाला.

जूनमध्ये कात्रण नाचवत मीच उभी होते. पेपरवाल्यांना एवढी साधी गोष्ट कळत नाही.

मी केलं हे. दुसरं कोणी नाही. एका पोरीने जिवावर उदार होऊन एक गोष्ट एका बाईच्या ओंजळीत टाकली. त्या बाईने ती माझ्या भरवशावर मला दिली, आणि मी ती चोवीस जणांत वाटली, टाळ्या घेतल्या. खूप रडले. ह्यांनी पाणी आणून ठेवलं.

१९ ऑक्टोबर

संस्थेला कळवलं. सगळी पानं परत मागवली, प्रशिक्षण थांबवलं. क्षमा म्हणाली, एवढं टोकाला नको जाऊ या. मी ऐकलं नाही. परत मागवून उपयोग काय, वाचलेलं कोण परत देणार?

शिवलीला फोन उचलत नाही. तिच्या शाळेत गेले. ती सुट्टीतल्या जादा वर्गावर होती, बाहेर आली. रागावेल, ओरडेल, म्हणून मी तयारीने गेले होते. ती फक्त म्हणाली, "तिने मला सांगितलं, मी तुम्हाला सांगितलं. तिच्यापुढे तुमचं नाव मला घेता येणार नाही, मेडम." मग तास आहे म्हणून आत गेली.

२४ ऑक्टोबर

दुपारी ह्यांनी विचारलं, "तुझ्या वेळी कोणी तक्रार केली असती तर?"

तुम्हाला सोडून मी कुठे गेले असते, म्हटलं.

"ते नाही विचारलं मी."

मग काय विचारलं, ते सांगेनात. उठून गॅलरीत गेले. माझं मन थाऱ्यावर नाही, आणि हे कोड्यात बोलतात. मायक्रोस्कोपचा रंग काळा होता, पितळेची नळी होती. हे मला आज कुठून आठवलं कोण जाणे.

३ नोव्हेंबर

पहिली दिवाळी, म्हणजे जावयासह लेक माहेरी येणार. दिवाळसण कोणी चुकवत नाही. म्हणून आज चामराजपेटला गेले. शिवलीलाला त्या घराचं दार बंद आहे. माझं तोंड तिथे कोणी पाहिलेलं नाही, आणि आडनाव आपल्यातलं. फराळाचा डबा घेतला. खोटं बोलायचं नाही एवढं ठरवून गेले. पण कोणी काही विचारलंच नाही. आईने आडनाव, ह्यांचं नाव ऐकलं आणि पाट मांडला.

"या अक्का. भीमसेन अण्णांच्या तुम्ही? आमच्या सासूबाई नाव काढायच्या." मला हळदकुंकू लावलं. नवरामुलगा बाहेर गेला होता. तो जावई, तिचा स्वतःचा भाऊ. "स्वल्प घाई झाली बघा यंदा. पोरीच्या डोक्यात बाहेरच्यांनी काय काय भरलं होतं. लोक कागदावर छापायला लागले आमच्या घरातलं." मग माझ्याकडे बघून समाधानाने हसली. "तुम्हाला पण मामालाच दिलेलं ना? सतराव्या वर्षी? बघा, सोन्यासारखा संसार झाला. मी हेच सांगते तिला."

चौतीस वर्षं बोलायची नोकरी केली आणि त्या पाटावर मी नुसता फराळाचा डबा पुढे केला.

आई कॉफी करायला आत गेली आणि रम्या समोर येऊन बसली. मी कोण, ते मी तिला हळू आवाजात सांगून टाकलं. पान मी लिहायला लावलं, शिवलीलाने नको म्हटलं होतं, हेही. माफ कर, म्हटलं. तिने ऐकून घेतलं. बारीक आहे, पाय लांब, हिरवा चुडा तिच्या हातात ढिला होतो.

"ते पान आहे तुमच्याकडे?" तिने विचारलं. "सगळ्यांनी वाचलं. मला कोणी दाखवलं नाही."

पिशवीत होतं. तिने ते मांडीवर पसरून वाचलं, कानडी अक्षरांवरून बोट फिरवत, सावकाश. वाचताना एकदा हसलीसुद्धा. खाली मी वर्गासाठी प्रश्न घातले होते. पहिला असा होता, 'या मुलीने मदतीसाठी कोणाकडे जायला हवं होतं?'

त्यावर तिचं बोट थांबलं. "मी गेले होते ना, मिस," ती म्हणाली.

रागाने नाही. आठवण करून द्यावी तसं.

मी तिला सांगितलं, आपल्या राज्यात अठरा वर्षांच्या आतलं लग्न कायद्याने लग्नच नाही, मुळातच रद्द. मोडावंही लागत नाही, ते झालेलंच नाही. तिने गळ्यातल्या काळ्या मण्यांकडे पाहिलं आणि मग स्वयंपाकघराच्या दाराकडे. "हे आईला माहीत आहे?" नाही, म्हटलं. आत दूध उतू गेल्याचा आवाज आला.

मग ती पुढे झुकली आणि मला एक गोष्ट सांगितली. चार वाक्यं. कोणाला सांगायची तेही सांगितलं, एकच माणूस. आणि म्हणाली, "हे कुठे लिहू नका, मिस."

त्या माणसाकडे जाऊनच मी घरी आले. ह्यांनी विचारलं, भेटली का? भेटली, म्हटलं. काय म्हणाली? मी सांगितलं नाही. ती चार वाक्यं मी इथेही लिहिणार नाही.